कथेतील धर्मसंकट आणि त्याची किंमत

कथेतील नायक मोठा की लहान, हे त्याच्या पराक्रमावरून ठरत नाही. त्याच्यासमोर दोन धर्म एकाच वेळी उभे ठाकले असता तो काय करतो, आणि जे करतो त्याची किंमत कोण मोजतो, यावरून ते ठरते. धर्म आणि अधर्म यांतून निवड करणे कठीण असेल, पण ते संकट नव्हे. तिथे काय करायचे ते कळत असते, फक्त धैर्य हवे असते. दोन्ही बाजूंना धर्मच असतो आणि एकाचे पालन केले की दुसऱ्याचा भंग होतो, तेव्हा त्याला धर्मसंकट म्हणायचे. अशा संकटातून कथाकाराने आपल्या नायकाला कसे बाहेर काढावे? त्याचे हात मळू द्यावेत, की त्याच्यासाठी एखादी तिसरी वाट उघडावी? आणि अशी वाट उघडलीच, तर नायकाचा निश्चय खरा ठरतो, की केवळ त्याचे नशीब चांगले ठरते?

या प्रश्नाच्या चर्चेसाठी मी उदाहरण घेणार आहे ते एका अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिकेचे. आपल्या नियतकालिकाच्या वाचकांना ही निवड विचित्र वाटण्याचा संभव आहे. ज्याला आपण सरसकट 'कार्टून' म्हणून बाजूला सारतो, त्यात नीतिशास्त्राची चर्चा ती काय असणार? परंतु पंचतंत्रही बोलणाऱ्या पशुपक्ष्यांच्या कथांतूनच राजनीती शिकवते, आणि तेही राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी सांगितले गेले. आज आपल्या घरांतील नातवंडांना गोष्टी सांगण्याचे काम पुष्कळ अंशी पडद्याकडे गेले आहे. त्या गोष्टी काय सांगतात, काय चांगले सांगतात आणि कुठे कमी पडतात, हे आजी-आजोबांनी तपासून पाहणे म्हणूनच अप्रस्तुत नव्हे.

मालिकेचे नाव 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'. मायकेल डान्टे डीमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को या दोघांनी ती निर्माण केली. निकलोडियन वाहिनीवर 21 फेब्रुवारी 2005 रोजी ती सुरू झाली आणि 19 जुलै 2008 रोजी संपली. तीन पर्वे आणि एकूण 61 भाग एवढाच तिचा विस्तार. जेम्स कॅमेरॉन यांच्या 2009 सालच्या 'अवतार' चित्रपटाशी तिचा काही संबंध नाही. मनोज नाइट श्यामलन यांनी 2010 साली तिच्यावर चित्रपट काढला, तो समीक्षकांनी झोडपला. 2024 साली जिवंत नटांना घेऊन तिची नवी आवृत्तीही निघाली. आपल्याला प्रयोजन आहे ते मूळ मालिकेशी.

कथेची चौकट साधी आहे. जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू या चार महाभूतांवरून चार राष्ट्रे. प्रत्येक राष्ट्रातील काही लोकांना आपापले महाभूत वळवण्याची विद्या अवगत. चारही विद्या एकट्याला साधणारा पुरुष वा स्त्री म्हणजे 'अवतार'; त्याने जन्मोजन्मी परत येऊन जगाचा तोल सांभाळायचा. शब्द आपला, कल्पना मात्र थोडी निराळी: इथला अवतार हा वरून उतरलेला देव नसून पुन:पुन्हा जन्म घेणारा माणूस आहे. अग्निराष्ट्राचा राजा सोझिन साऱ्या जगावर युद्ध लादतो आणि वायुपंथी भिक्षूंचा समूळ संहार करतो. वाचतो तो एकटा बारा वर्षांचा आंग, पुढचा अवतार. शंभर वर्षे हिमखंडात गोठून राहिल्यावर तो जागा होतो, तेव्हा युद्ध चालूच असते. दक्षिण ध्रुवावरची भावंडे कतारा आणि सोक्का त्याला शोधून काढतात, पुढे टॉफ नावाची अंध पण भूविद्येत निपुण मुलगी त्यांना मिळते आणि अग्निराज ओझाईचा पाडाव करण्यासाठी ही मुले निघतात.

मालिकेचे पहिले आणि निर्विवाद सामर्थ्य म्हणजे शत्रूचा मुलगा झुको याचे चरित्र. तेरा वर्षांचा असताना तो युद्धमंडळाच्या बैठकीत एका सेनापतीच्या योजनेला विरोध करतो, कारण तीत नवशिक्या सैनिकांना आमिष म्हणून मरणाच्या तोंडी द्यायचे असते. या 'उद्धटपणा'बद्दल त्याला द्वंद्वाला उभे केले जाते. समोर सेनापती नव्हे, प्रत्यक्ष बाप उभा असतो. झुको लढण्यास नकार देतो, क्षमा मागतो. बाप त्याचा चेहरा जाळतो आणि अवताराला पकडून आणशील तरच परत ये, असे सांगून हद्दपार करतो. अवतार तर शंभर वर्षांत कोणी पाहिलेला नाही. म्हणजे अटच अशी की जी पुरी होऊ नये. हा मुलगा पहिल्या पर्वात खलनायक म्हणून वावरतो आणि तरीही प्रेक्षकाला त्याचा पूर्ण द्वेष करता येत नाही.

पुढे झुकोचे परिवर्तन होते. पण ते एका क्षणात होत नाही, ही खरी थोरवी. दुसऱ्या पर्वात तो निर्वासित म्हणून शत्रूच्याच मुलखात भटकतो. एका खेड्यात तो एका मुलाला वाचवतो, परंतु आपले खरे नाव सांगताच तेच कुटुंब त्याच्याकडे पाठ फिरवते. त्याच्या एका सत्कृत्याने त्याच्या राष्ट्राची शंभर वर्षे पुसली जात नाहीत. पुढे बा सिंग से या राजधानीत काका आयरोसोबत चहाच्या दुकानात काम करताना तो सुधारला असे वाटू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी, बहीण अझुलाने मानसन्मानाचे आमिष दाखवताच, तो ज्या काकाने त्याला सांभाळले त्याचाच विश्वासघात करतो. घरी परततो तो विजयी राजपुत्र म्हणून. हवे होते ते सारे मिळते, आणि आपल्याला ते नकोच होते हे त्याला तेव्हा कळते. मोहाचा पराभव मोह पुरा झाल्यावरच होतो, हे मानसशास्त्र आपल्या ययातीच्या कथेतही आहे.

पश्चात्तापानंतरचा भाग तर याहून मोलाचा. झुको आंगच्या गटाकडे येतो तेव्हा त्याला कोणी मिठी मारीत नाही. त्याला हाकलले जाते. मग तो एकेकाचे ऋण फेडतो: आंगबरोबर अग्निविद्येच्या मूळ गुरूंकडे जातो, सोक्काबरोबर त्याच्या वडिलांना सोडवायला तुरुंगात शिरतो, कतारासाठी तिच्या आईच्या मारेकऱ्याचा माग काढतो. पश्चात्ताप ही भावना नसून ते काम आहे, आणि ते ज्याचा अपराध केला त्याच्यापाशी जाऊन करावे लागते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी कथा मुलांच्याच काय, मोठ्यांच्या वाङ्मयातही विरळा. शेवटी तो काकाच्या तंबूत जाऊन रात्रभर बसतो, सकाळी क्षमा मागू लागतो आणि वाक्य पुरे होण्याआधीच वृद्ध आयरो त्याला जवळ ओढतो. ही क्षमा आयती वाटत नाही, कारण तिच्याआधीची किंमत आपण झुकोला मोजताना पाहिलेली असते.

इथेच एक प्रश्न उभा राहतो, आणि मालिका त्याला पुरते भिडत नाही. झुको तरला, मग अझुला का बुडाली? तीही त्याच बापाची मुलगी, तीही चौदा वर्षांची पोर. तिची गुणवत्ताच तिचा शाप ठरली. बापाने झुकोला जाळले, हिला शस्त्रासारखे वापरले. शेवटच्या भागांत ती एकाकीपणाने भ्रमिष्ट होते, साखळीने जखडलेल्या अवस्थेत हंबरडा फोडते, आणि कथा तिला तिथेच सोडून पुढे जाते. झुकोला आयरो मिळाला, तिला कोणी मिळाले नाही, एवढाच दोघांतील फरक असेल, तर मग झुकोच्या सद्गुणांचे श्रेय झुकोला किती आणि दैवाला किती? महाभारतात कर्णाच्या निमित्ताने हा प्रश्न पुन:पुन्हा विचारला जातो. अझुलाच्या निमित्ताने तो विचारण्याची संधी मालिकेला होती. तिने तो चित्रांतून सुचवला, शब्दांत उतरवला नाही.

कताराच्या आईच्या मारेकऱ्याचा उल्लेख वर आला. तो भाग या मालिकेतील सर्वांत प्रौढ भागांपैकी एक. अग्निराष्ट्राचे हल्लेखोर जलविद्येच्या शेवटच्या वारसाला शोधत गावात आले असता, लहानग्या कताराला वाचवण्यासाठी तिची आई 'ती मीच' असे खोटे सांगते आणि मारली जाते. कित्येक वर्षांनी कतारा त्या मारेकऱ्याला गाठते. तो आता निवृत्त, म्हातारा, आईच्या तक्रारी ऐकत भाजी सांभाळणारा क्षुद्र माणूस आहे. जीव वाचवण्यासाठी 'हवे तर माझ्या आईला मार' असे सुचवण्याइतका क्षुद्र. पावसाचे थेंब बर्फाचे भाले होऊन त्याच्या छातीपाशी थांबतात, आणि कतारा ते पुढे जाऊ देत नाही. आंगला वाटते की तिने क्षमा केली. ती स्पष्ट सांगते की तिने त्याला क्षमा केलेली नाही, करणारही नाही. क्षमा करणे आणि सूड न घेणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली मनाची, दुसरी हाताची. मनावर जबरदस्ती करता येत नाही, हातावर करता येते. आपल्याकडे क्षमेचा महिमा गाताना हा भेद फार वेळा विसरला जातो, आणि ज्याचे नुकसान झाले त्यालाच 'तू अजून क्षमा का करत नाहीस' असा जाब विचारला जातो.

आता आईच्या त्या खोट्याकडे पाहू, कारण मालिकेतील दुसऱ्या एका खोट्याशी त्याची तुलना करण्यासारखी आहे. पहिल्या पर्वात एक भाग आहे, जो चाहत्यांतही सर्वांत दुबळा मानला जातो. शंभर वर्षांचे वैर असलेल्या दोन टोळ्यांना आंग एका दरीतून पार नेतो. दोघांचे मूळ भांडण एका पवित्र गोलावरून. एक टोळी म्हणते तो चोरला, दुसरी म्हणते तो परत न्यायला निघालेल्याला पकडले. आंग सांगतो की त्या दोघांना तो स्वतः ओळखत होता, ते आठ वर्षांचे जुळे भाऊ होते आणि ते सारे एका खेळातले होते. वैर मिटते. नंतर तो मित्रांना हसत सांगतो की हे सारे मी रचले. भाग संपतो.

खोटे बोलून शांतता घडवावी की नाही, हा प्रश्न लहान नव्हे. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतात: दरोडेखोरांनी विचारले असता पळून गेलेले लोक कुठे लपले हे त्याने 'सत्य' म्हणून सांगून टाकले, ते लोक मारले गेले आणि कौशिकाला नरक मिळाला. सत्याहून जीव मोठा असू शकतो, हे आपल्या परंपरेला मान्य आहे. पण त्याच महाभारतात युधिष्ठिराने अश्वत्थाम्याविषयीचे अर्धसत्य उच्चारताच, जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. खोटे अपरिहार्य असले तरी ते फुकट नसते, हे व्यासांनी त्या चार अंगुळांत सांगून टाकले. कताराची आई आपल्या खोट्याची किंमत प्राणाने मोजते. आंगच्या खोट्याची किंमत कोणीच मोजत नाही. आणि दोन समाजांच्या शंभर वर्षांच्या आठवणी एका मुलाने गमतीने खोडून टाकल्या, याची बोच कथेला लागत नाही. एकाच मालिकेतील या दोन असत्यांत कथाकारांच्या सामर्थ्याचे आणि दुबळेपणाचे माप सापडते.

आठवणी खोडण्याची भीती मालिकेला ठाऊक नाही असे मात्र नाही. तिसऱ्या पर्वात आंग वेष पालटून अग्निराष्ट्राच्या एका शाळेत बसतो, तेव्हा तिथे शिकवला जातो तो इतिहास असा की वायुपंथीयांचे सैन्य लढाईत हरले. त्यांना सैन्यच नव्हते, हे तो सांगू पाहतो; अर्थातच कोणी ऐकून घेत नाही. आणि बा सिंग से या नगरीत तर याहून सूक्ष्म प्रकार आहे. तटापलीकडे शंभर वर्षे युद्ध चालू आहे, पण तटाच्या आत त्याचा उच्चार करण्यास बंदी. राजालाही ते ठाऊक नाही, कारण त्याच्यापर्यंत काय पोहोचावे हे त्याचा प्रधान ठरवतो. राज्य शासनाच्या सेवेत तीसहून अधिक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे भाग पाहताना हसू आले आणि थोडी अस्वस्थताही वाटली. वरिष्ठांना अप्रिय वाटेल ती बाब टिपणीत शेवटच्या परिच्छेदात ढकलणे, 'परिस्थिती नियंत्रणाखाली आहे' अशी पुस्ती जोडणे, हे प्रकार ज्यांनी कचेरीत पाहिले आहेत, त्यांना हा प्रधान परका वाटणार नाही. असत्य हे एखाद्या दुष्टाचे कृत्य नसून व्यवस्थेची सवय कशी होते, हे इथे छान उतरले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मालिकेच्या अखेरीस आंगला ओझाईशी लढायचे आहे. धूमकेतूच्या सामर्थ्याने ओझाई अख्खा प्रदेश जाळायला निघाला आहे. सारे म्हणतात, त्याला मारल्यावाचून गत्यंतर नाही. आंग मात्र वायुपंथी भिक्षूंनी वाढवलेला. कोणताही जीव मारायचा नाही हे त्याचे व्रत. शिवाय तो त्या पंथाचा अखेरचा माणूस. त्याने व्रत मोडले तर मोडणारी वस्तू केवळ त्याचे शील नाही. एका नष्ट झालेल्या समाजाचा शेवटचा जिवंत आचार मोडतो. इकडे लक्षावधींचे प्राण, तिकडे हा आचार. हे अस्सल धर्मसंकट होय.

तो आपल्या पूर्वजन्मांना विचारतो. चौघेही कमीअधिक शब्दांत कठोर व्हायला सांगतात. त्यातील यांगचेन ही स्वतः वायुपंथीय. तिच्याकडून त्याला आधार अपेक्षित असतो. ती सांगते त्याचा आशय असा: इतरांनी आत्मोन्नतीसाठी जगापासून अलिप्त व्हावे, अवताराला ती मोकळीक नाही, जगासाठी त्याने स्वतःच्या आत्मिक गरजेचाही त्याग करावा. हा युक्तिवाद वाटतो त्याहून खोल आहे. धन, सुख, प्राण यांचा त्याग सर्वांना समजतो. परंतु आपल्या निष्कलंकतेचाच त्याग करावा लागला तर? मला पाप लागू नये म्हणून इतरांनी मरावे, ही अहिंसा की सोवळेपणा? अहिंसेच्या प्रत्येक प्रामाणिक उपासकाला या प्रश्नाशी कधी ना कधी झुंजावे लागते.

आणि इथे, जिथे कथा सर्वांत उंचीवर पोहोचली, तिथेच कथाकार तिला हात देतात. समुद्रात बेटासारखे तरंगणारे एक प्राचीन सिंहमुखी कासव आंगला अशी विद्या देते की जिने समोरच्याची अग्निविद्याच काढून घेता येते. ओझाई मरत नाही, निःशस्त्र होतो. व्रत राहिले, जगही वाचले. या कासवाचे चित्र दुसऱ्या पर्वातील ग्रंथालयाच्या भागात ओझरते दिसते, हे खरे. पण अशी विद्या असू शकते याची पुसटशीही कल्पना साठ भागांत कोठे दिलेली नाही. तसाच दुसरा योग: अझुलाच्या विजेच्या प्रहाराने अडलेली आंगची अवतारशक्ती पाठ खडकावर आदळताच मोकळी होते. दुसऱ्या पर्वात पथिक नावाच्या भारतीय वळणाच्या गुरूंनी त्याला सात चक्रे समजावली होती. शेवटचे चक्र उघडण्यासाठी कताराविषयीची आसक्ती सोडावी लागेल असे बजावले होते. त्या वैराग्याच्या प्रश्नाचे उत्तर अखेर एका दगडाने दिले, आणि शेवटच्या दृश्यात कताराही मिळाली.

यावर कोणी म्हणेल की आपल्या महाभारतात तरी आयत्या वाटा कुठे कमी आहेत? मुद्दा रास्त आहे. ज्या प्रसंगी कौशिकाची कथा येते, तो प्रसंगच तसा आहे. 'गांडीव दुसऱ्याला दे' असे म्हणेल त्याचा वध करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. आणि रागाच्या भरात युधिष्ठिरच तसे म्हणून बसतो. अर्जुन तलवार उपसतो. श्रीकृष्ण तोडगा काढतात: वडीलधाऱ्याला अरेतुरे करून अपमानित करणे हा त्याचा वधच होय, तेवढे कर. प्रतिज्ञाही राहिली, भाऊही राहिला. मग सिंहमुखी कासवाने काय पाप केले?

दोन गोष्टींत फरक आहे, असे मला वाटते. पहिली ही की श्रीकृष्णांची वाट नव्या शक्तीतून निघत नाही. प्रतिज्ञेचा अर्थ काय, धर्म कशासाठी, या विचारातून निघते. ती वाट अर्जुनासमोर आधीपासून होती, त्याला दिसत नव्हती. दुसरी ही की त्या वाटेलाही किंमत आहे. मोठ्या भावाला टाकून बोलल्यावर अर्जुन शरमेने स्वतःवर शस्त्र उगारतो आणि त्यालाही आवरावे लागते. कासवाने दिलेली वाट बाहेरून आली आणि तिच्यानंतर आंगला कोणाची क्षमा मागावी लागली नाही.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. ती विद्या वापरणाऱ्याचे स्वतःचे मन अढळ नसेल तर तोच भ्रष्ट होऊन नष्ट होतो, अशी अट कथेत आहे. आणि शेवटच्या झटापटीत ओझाईचा लाल प्रकाश आंगला जवळजवळ पूर्ण गिळतो. म्हणजे कासवाने वाट दिली, चालण्याचे सामर्थ्य मात्र आंगच्या निश्चयाचेच होते. शिवाय सगळे वडीलधारे, पूर्वजन्मसुद्धा, 'दुसरा मार्ग नाही' म्हणत असता एका पोराने 'असलाच पाहिजे' असा हट्ट धरणे, यातही नैतिक मूल्य आहे. अशा हट्टामुळेच जगातील पुष्कळ क्रूर प्रथा गेल्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली बच्चनसिंग खटल्यात फाशी ही केवळ दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणी द्यावी असे ठरवले, त्यामागेही हाच विचार आहे की अपकाराची शक्ती काढून घेता येत असेल तर जीव घेण्याची घाई करू नये. ओझाईची शिक्षा या दृष्टीने विचारपूर्ण आहे. माझा आक्षेप निकालावर नाही, तो निकाल स्वस्तात मिळाला यावर आहे. आणखी एक विसंगतीही नोंदवायला हवी. पहिल्या पर्वाच्या शेवटी हाच आंग सागरदेवतेशी एकरूप होऊन अग्निराष्ट्राचे अख्खे आरमार उद्ध्वस्त करतो. त्या जहाजांवर माणसे होती. राजाच्या एका प्राणासाठी चार भाग व्याकूळ होणाऱ्या नायकाला, आणि कथाकारांनाही, ती माणसे आठवत नाहीत. अहिंसेची ही गणती राजा आणि खलाशी असा भेद करणारी आहे.

युद्ध संपते, झुको अग्निराज होतो, मित्र चहा पितात. पण शंभर वर्षांच्या आक्रमणाचा हिशोब? कलिंगाच्या युद्धानंतर अशोकाने तेराव्या शिलालेखात लाखभर माणसे मारली गेल्याची आणि दीड लाख देशोधडीला लागल्याची कबुली कोरवली. मात्र त्याच लेखात वनवासी जमातींना त्याने बजावले आहे की पश्चात्ताप झाला असला तरी दंड करण्याचे सामर्थ्य राजापाशी आहे. कलिंगाचे राज्य त्याने परत केले नाही. आणि खुद्द कलिंगातल्या धौली व जौगड येथे तो तेरावा लेख कोरलाच नाही. ज्यांचा अपराध केला त्यांच्यापाशी जाणे सम्राटालाही किती जड जाते! झुकोने व्यक्ती म्हणून जे केले, ते राजा म्हणून कसे करावे, हा प्रश्न मालिका शेवटच्या वळणावर सोडून देते.

तो प्रश्न उचलला गेला तो पुढे, 2012 साली निघालेल्या 'द प्रॉमिस' या चित्रकथेत. अग्निराष्ट्राने जिंकलेल्या मुलखातील वसाहती उठवायच्या ठरते. पण तिथल्या जुन्या वसाहतीत शंभर वर्षे दोन्ही लोक एकत्र नांदलेले, सोयरिकी झालेल्या, मुले दोन्हींची. त्यांना 'परत' कुठे पाठवायचे? हे वाचताना आपल्यासारख्यांच्या मनात काही हलल्यावाचून राहत नाही. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजांमागून आपले पूर्वज माळव्यात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास आले. त्या फौजांचे स्वागत सर्वत्र फुलांनी झाले नसणार, हे इतिहास वाचणाऱ्याला ठाऊक आहे. आज आठ-दहा पिढ्यांनंतर इथली माती आपली आणि आपण तिचे. आगमन अन्यायाचे असले तरी वास्तव्य न्याय्य होऊ शकते का? होऊ शकते, परंतु शेजाऱ्याच्या भाषेशी, सुखदुःखाशी बांधून घेतले तरच. आणि आगमनाची गोष्ट खरी सांगितली तरच. आंगने त्या दोन टोळ्यांसाठी रचली तशी गोड थाप मारून नव्हे.

सारांश, या मालिकेचे सामर्थ्य आणि मर्यादा यांचे मूळ एकच आहे. जिथे कथाकारांनी पात्राला आपल्या कृत्याची किंमत मोजू दिली, तिथे ती कोणत्याही प्रौढ वाङ्मयाच्या पंक्तीला बसते: झुको, आयरो, कतारा, तिची आई. जिथे नायकावरील प्रेमापोटी ती किंमत माफ केली, तिथे ती बालकथा होते. तिला 2008 सालासाठीचा पीबडी पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. पण पुरस्कारप्राप्त कृतीलाही प्रश्न विचारावेत, यातच तिचा मान आहे.

नातवंडांबरोबर अशी मालिका पाहणाऱ्यांना एकच सुचवावेसे वाटते. शेवट झाल्यावर टीव्ही बंद करून त्यांना विचारावे : ते कासव आलेच नसते, तर आंगने काय करायला हवे होते? मुलांची उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत. काही जण भांडतीलही. कथाकारांनी जो प्रश्न अर्ध्यावर सोडला, तो घराघरांत पुरा होऊ शकतो. व्यासांनीही आपल्या महाकाव्यात पुष्कळसे प्रश्न असेच श्रोत्यांवर सोपवले आहेत, आणि शतकानुशतके आपण त्यांची उत्तरे शोधत आलो आहोत.